क्रमांक नसलेलं कार्ड

स्टेशनरीच्या दुकानात रेघांच्या कार्डांचं एकच पाकीट उरलं होतं. ते तिच्या डोळ्यांदेखत एका उंच, विस्कटलेल्या केसांच्या माणसाने उचललं आणि दुकानदाराला विचारलं, “यापेक्षा जाड काही आहे का हो? टेबलाच्या पायाखाली घालायचंय.”

कुणी अत्तराने फरशी पुसायला काढावी, तसं तिच्या काळजात चर्र झालं.

“अहो, ती काय टेबलाखाली घालायची कार्डं आहेत?”

“मग कुठे घालतात?”

“भिंतीवर लावतात. एका कार्डावर एक प्रसंग. सगळे प्रसंग जागेवर बसले, की मग चित्रपट लिहायला घ्यायचा.”

“आणि सगळे बसलेच नाहीत तर?”

प्रश्नात खोडी नव्हती, सहज विचारलेला होता. पण गेले आठ महिने जे गळू तिने कुणाला दाखवलं नव्हतं, नेमकं त्यावरच बोट पडलं. ती एवढंच म्हणाली, “तुमचं टेबल डुगडुगतं किती? एक बोट, का अर्धं?”

“मोजलं नाही कधी.”

“तिथेच तुमचं चुकतं.”

तो हसला. पाकीट तिथल्या तिथे फोडून सहा कार्डं त्याने खिशात घातली आणि उरलेली तिच्या हातात ठेवली. “तरीही डुगडुगलं तर तक्रार कुठे करायची?”

ती कार्डं पर्समध्ये टाकून बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्याला पुढची तीन कामं आठवत नाहीयेत. असं तिला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

पटकथा लिहिणाऱ्यांच्या एकेक तऱ्हा असतात. एक बुजुर्ग लेखक आधी शेवटचा प्रसंग लिहीत आणि तिथून उलटे चालत सुरुवातीला पोचत. ती सवय इतकी अंगात मुरली, की पुढे पुढे ते जिनासुद्धा पाठमोरे उतरू लागले. दुसरे एक जण अख्खी गोष्ट न्हाव्याला तोंडी सांगत आणि जिथे त्याची कात्री थांबेल तेवढाच भाग ठेवत. चित्रपट गाजले, डोक्यावर केस मात्र राहिले नाहीत. एक बाई अठरा अठरा खर्डे करायच्या, आणि अठराव्यात म्हणे पहिल्यातला फक्त नायकाचा चष्मा शिल्लक असे. सांगणाऱ्याने हे डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं आहे, तेव्हा खोटं कशाला असेल?

आपल्या या मुलीला मात्र सगळे ‘आखीवबाई’ म्हणत. तिच्या भिंतीवर बेचाळीस कार्डं होती, टाचण्या एका रेषेत, कडा एकमेकींना समांतर. कार्डांच्या वजनाने भिंत दीड इंच पुढे आली, असं घरमालक शपथेवर सांगे. ती फक्त चित्रपटाचीच कार्डं करायची असंही नाही. बँकेत काय बोलायचं त्याचं कार्ड, घरमालकाशी काय भांडायचं त्याचं कार्ड. मावशी म्हणायची, “तू शिंकायच्या आधीसुद्धा लिहून काढत असशील गं.”

त्यामागे कारण होतं. तिचे वडील बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर कारकून होते. आलेल्या प्रत्येक वस्तूला ते चिठ्ठी बांधत. नोंद झाली म्हणजे वस्तू निम्मी सापडली, असं म्हणत. तीन वर्षांपूर्वी ते गेले, कसलीही सूचना न देता, भर दुपारी, खिडकीतच. तेव्हापासून तिने मनाशी धरलं होतं, की एकदा तरी पडद्यावर ती खिडकी उघडायची. बेचाळीस कार्डं त्याच गोष्टीची होती. एक कारकून, आणि दर शुक्रवारी हरवलेली छत्री विचारायला येणारी एक बाई. पण लिहायला बसलं की हात जड व्हायचा. आधी आणखी एक कार्ड नीट करू, असं वाटायचं. आठ महिने असेच गेले.

स्टेशनरीच्या दुकानातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी चित्रपटाच्या निर्मातीणबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. टेबलापलीकडे तोच उंच माणूस बसलेला.

“ओळख करून देते,” बाई म्हणाल्या.

“झालीय,” तो म्हणाला. “यांनी माझं टेबल सुधारलं.”

“बरंच आहे मग. हे बघ आखीव, तुझी भिंत देखणी आहे. पण मला भिंतीचं चित्रीकरण करायचं नाहीये. आठ महिन्यांत एक संवाद नाही. म्हणून याला आणलाय. हा दिवसाला तीस पानं पळवतो.”

“मग यांच्या एकट्याकडूनच लिहून घ्यायचं होतं.”

“घेतलं असतं. पण याने आजवर पाच पटकथा लिहिल्यात आणि एकीलाही शेवट नाही. लोक याला ‘अपुरे’ म्हणतात. आडनाव आहे असं वाटून परवा कुणीतरी तसं पत्रही पाठवलं.” बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “तुझा आराखडा, याचा हात. एकवीस तारखेला दुपारी बाराला पटकथा इथे टेबलावर हवी. नाही आली, तर गोष्ट मी दुसऱ्याला लिहायला देणार. करारात तसं आहे, तू सही केलीयस.”

म्हणजे वडिलांची खिडकी परक्याच्या हातात. ती खाली उतरली तेव्हा जिन्याचा कठडा तिने घट्ट धरला होता.

काम तिच्याच खोलीत सुरू झालं. तिसरा मजला, खाली चष्म्याचं दुकान, पश्चिमेची खिडकी. दुपारी खोली भट्टीसारखी तापायची, पण पंखा लावायचा नाही. कार्डं फडफडतात.

“पंखा काय शोभेला आहे?” अपुरेने पहिल्या दिवशी विचारलं.

“हो.”

तो निमूट घाम पुसत लिहू लागला. चौथ्या दिवशी त्याने बाराव्या कार्डाची पानं दिली, आणि वाचता वाचता तिच्या कपाळावर आठी चढली.

“ही बाई दर शुक्रवारी छत्रीचा वेगळा रंग सांगते?”

“हो. काळी, मग निळी, मग फुलाफुलांची. तिची छत्री मुळी हरवलेलीच नाही.”

“कार्डावर असं नाहीये.”

“कार्डाला माहीत नव्हतं. मलाही सकाळी नऊपर्यंत नव्हतं.”

“आणि कारकुनाला कळत नाही?”

“पहिल्याच शुक्रवारी कळतं. तो दरवेळी नवी नोंद करतो. मन लावून.”

वडिलांनी असंच केलं असतं, अगदी असंच… हे या माणसाला कसं कळलं? ती भिंतीपाशी गेली, बारावं कार्ड काढलं आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. मागे वळली तेव्हा तो पानांकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

“काय बघताय?”

“काही नाही. टाचणी तोंडात धरून विचार करू नका. मला धडधडतं.”

त्या दिवसापासून ती टाचण्या वाटीत ठेवू लागली.

दिवस सरकत होते. तो लिहायचा, ती वाचायची, भांडायची, आणि मग कार्ड बदलायची. चष्म्याच्या दुकानदाराने एकदा वर येऊन विचारलं, की तुमचं कधी लग्न झालं, आम्हाला कळवलं नाही. दोघंही एकदम खोकले.

पण एकोणचाळिसाव्या कार्डापाशी त्याचा वेग मंदावला. एक दिवस तिने विचारून टाकलं, “तुम्ही शेवट का लिहीत नाही?”

त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

“पहिली पटकथा लिहीत होतो तेव्हा आई दवाखान्यात होती. रोज दुपारी जाऊन तिला त्या दिवसाची पानं वाचून दाखवायचो. ती म्हणायची, पुढे काय होतं ते बघायला तरी मला थांबावं लागणार. मग मी… शेवट लांबवला. तयार होता, डोक्यात अक्षर न् अक्षर होता. रोज म्हणायचो, उद्या. बावीस दिवस ढकलले. तेविसाव्या दिवशी पानं घेऊन गेलो तर खाट रिकामी. चादरसुद्धा बदलली होती.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

“त्यानंतर शेवट आला की हात थांबतो,” तो म्हणाला. “बाकी काही नाही.”

त्याच्या कपाळावरून घामाचा थेंब पानावर पडला आणि शाई पसरली. ती उठली आणि तिने पंख्याचं बटण दाबलं.

आठ महिन्यांची धूळ झटकत पंखा फिरला. भिंतीवरची कार्डं पाखरांसारखी फडफडली, टेबलावरची सुटी कार्डं उडाली. त्याने चकित होऊन आधी पंख्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन दिवस अलीकडे आलं होतं. पर्स उचलून ती तशीच निघाली.

“कार्डं मी गोळा करतो,” तो म्हणाला.

मावशीच्या खाटेशी बसल्यावर तिसऱ्या तासाला तिला एकदम आठवलं. त्या सुट्या कार्डांत एक कार्ड वेगळं होतं. आदल्या दिवशी तिने ते केलं होतं, बँकेचं करायची तसंच, कारण दुसरी रीत तिला येत नव्हती. त्यावर लिहिलं होतं: ‘ती त्याला सांगते. जिन्यावर. आधी कामाचं बोलून घ्यायचं. हात पर्समध्ये ठेवायचे, म्हणजे थरथर दिसणार नाही. तो काय म्हणेल, माहीत नाही.’ क्रमांक घातला नव्हता. कितवं कार्ड आहे ते कळत नव्हतं.

मावशी पट्टीखालून म्हणाली, “डोळे माझे बांधलेत, पण तुझं काहीतरी बिघडलंय हे दिसतंय मला.”

वीस तारखेला दुपारी ती परत आली तेव्हा निर्मातीणबाई तिच्याच खुर्चीत बसून पानं वाचत होत्या. अपुरे खिडकीपाशी पाठमोरा उभा होता. सगळी कार्डं भिंतीवर सरळ रेषेत लागली होती, आणि अगदी शेवटी, बेचाळिसाव्याच्या पुढे, ते बिनक्रमांकाचं.

“आखीव, शेवट बदललास हे फार बरं केलंस,” बाई म्हणाल्या. “आधी ती बाई येणंच बंद करते म्हणे. कशाला? हे डेपोच्या जिन्यावरचं बघ. आधी वेळापत्रकाचं बोलते. आणि ते पर्समध्ये हात घालणं… अगं, इतकी वर्षं चित्रपट काढतेय, पण असं अवघडलेलं प्रेम मी पाहिलं नाही. सुचलं कुठून?”

तिच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. “सुचलं… असंच.”

“पण तो काय म्हणतो? पुढचं पान कोरं आहे.” बाईंनी त्याच्या पाठीकडे पाहिलं. “अपुरे, मी उद्या बारापर्यंत थांबेन. बारा वाजून एक मिनिटाने नाही.” आणि त्या गेल्या.

खोलीत पंखा फिरत होता.

“ते कार्ड चित्रपटाचं नव्हतं,” ती म्हणाली.

“लिहायला बसलो तेव्हा माहीत नव्हतं.” तो वळला नाही. “पर्सपाशी आलो तेव्हा कळलं. आपल्या बाईकडे कापडी पिशवी आहे. पर्स तुमच्याकडे आहे.”

“कळल्यावर थांबायचं होतं.”

“थांबता येईना.”

“शेवट आला की थांबता. बरोबर जागेवर थांबलात.”

आता तो वळला. गाल बसले होते, दाढी वाढली होती. “शेवट लिहिला की खोली रिकामी होते. उद्या तुम्ही पानं घेऊन जाल, भिंत उतरवाल. मला वाटलं, नाही लिहिलं तर… अजून एखादा दिवस…”

“आणि माझ्या वडिलांची खिडकी?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “एका दिवसासाठी तुम्ही तेवढं घ्याल माझ्याकडून?”

त्याने खिडकीची चौकट धरली.

“तुमची आई शेवट ऐकल्यामुळे गेली नाही. न ऐकता गेली. तुम्ही तिला तो द्यायला हवा होता.”

बोलून गेल्यावर तिला वाटलं, फार झालं. त्याने डोळे मिटले होते. पण ती मागे हटली नाही. हे काहीच तिने लिहून आणलेलं नव्हतं. हात पर्समध्ये नव्हते, उघड्यावर थरथरत होते.

“मी कधीच जाणार नाही, असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “ते कुणालाच देता येत नाही. पण पटकथा दिल्यावर, परवा सकाळी साडेनऊला, मी इथे असेन. भिंत रिकामी असेल. मी असेन.”

तो खिडकीपासून टेबलापाशी आला. मग खुर्चीत बसला आणि कोरं पान पुढे ओढलं.

ती खिडकीशी गेली. मागून पेनाचा आवाज येत होता. थांबला. पुन्हा सुरू झाला. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं. एक दोरी रिकामी झाली, दुसरी झाली, ते माणूस खाली गेलं, तरी तिने वळून पाहिलं नाही.

“वाचू?” मागून आवाज आला.

“वाचा.”

“तो म्हणतो…” त्याने पान उजेडाकडे धरलं. “तो म्हणतो, ‘गुरुवारी मला झोप येत नाही. शुक्रवारी तुम्ही आला नाहीत तर काय करायचं, याचाच विचार करत असतो. अकरा वर्षं झाली. आता तुम्ही मला विचारू नका, मीच विचारतो. तुम्ही रोज याल का?’”

तिने खिडकीच्या कठड्यावरची बोटं सोडवली. “हे तो म्हणतो. आणि तुम्ही?”

“मी तेच म्हणतो… फक्त मला इतकं नीट बोलता येत नाही.”

“आणि बाई काय उत्तर देते?”

“ते मी लिहिलेलं नाही. ते माझं नाही.”

ती टेबलापाशी आली. त्याच्या हातातून पेन घेतलं आणि उभ्यानेच एक शब्द लिहिला. तो त्याने वाचला. मग पेन परत घेऊन त्याखाली, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने ‘समाप्त’ लिहिलं आणि मान वर करून पाहिलं. ती तिथेच होती.

“आता?” त्याने विचारलं.

“आता काहीच ठरवलेलं नाही,” ती म्हणाली, आणि दुसरी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.