फुलांचं कपाट आणि ओढलेला पडदा

भर दुपारी दुसऱ्याच्या घरात शिरून तिथले पडदे ओढायचे, ही कुठली रीत? हिल्केला रेमकोचा पहिला राग आला तो याचाच. होर्न गावातल्या त्यांच्या गल्लीत दिवसाउजेडी पडदा ओढतात तो घरात कुणी गेलं तरच. आणि हा पावसात भिजलेला लंबूटांग सायकल भिंतीला टेकवून आत आला. जुनी फुलाफुलांची कपाटं जमवतो म्हणाला, रस्त्यावरून तुमचं दिसलं... बघू का? ती हो म्हणायच्या आत खिडकी झाकून मोकळा.

थोड्याच वेळात शेजारच्या बाक्सबाई काळा कोट घालून दारात, कोण गेलं म्हणून विचारत. हिल्केची आई धडधाकट समोर उभी. पण बाईंची नजर होती ती अंधाऱ्या खोलीत गुडघे टेकून बसलेल्या परक्या तरुणावर. गल्लीची आठवडाभराची बेगमी झाली.

"आमची अब्रू गेली तुमच्यापायी," हिल्के फणकारली.

"आणि तुमच्या उन्हापायी फुलं चाललीत."

त्याने कुलपावरची पितळी पट्टी अलगद सैल केली. तिच्याखाली... नखाएवढं पान, हिरवंगार. बाकी सगळं कपाट, अक्रोडाच्या लाकडात लाकडाचेच तुकडे बसवून केलेले ट्यूलिप अन् पोपट, कॉफी सांडल्यासारखं तपकिरी. खापरपणजोबांपासून घराण्याने, लपवण्यासारखं काही नाही म्हणत, पडदे उघडे ठेवून सज्जनपणा मिरवला आणि रंग उन्हाला चारला. हिल्केला आणखीच राग आला.

मग तो दर शनिवारी येऊ लागला. कधी मेण घेऊन, कधी भिंग घेऊन. अशा एका कपाटासाठी शौकीन लोक समुद्रापलीकडून कसे येतात, पोटावर पडून खणांचे तळ कसे हुंगतात, ते सांगायचा, आणि स्वतःही हुंगायचा. फुलांवरून बोटं अशी फिरवायचा, की काटा हिल्केच्या अंगावर यायचा. एकदा तिने मुद्दाम केस सोडले, निळा झगा घातला. त्याने मान वर केली, क्षणभर थबकला... आणि म्हणाला, जरा उजेडातून सरकता?

आई म्हणजे पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्किट देऊन डबा बंद करणारी बाई. तिने याच्यापुढे डबा उघडाच ठेवला. आईला कळलं, बाक्सबाईंना कळलं. कळलं नाही ते या शहाण्याला.

शेवटी हिल्केने ठरवलं, हा कपाटासाठी येतो की आपल्यासाठी, याचा निकाल लागू दे.

"घेऊन जा हे कपाट," ती म्हणाली. "म्हणजे परत यायला नको."

रेमकोने भिंग खिशात घातलं, पुन्हा काढलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नको."

"का? आवडत नाही?"

"आवडतं... पण ते माझ्या घरी आलं, तर मी इथे कशाला येऊ? बघून तर केव्हाच झालंय, हिल्के. गेल्या शनिवारी खालच्या खणावरची एक पाकळी... मीच उचकटली. चिकटवायला यावं लागावं म्हणून."

इतकी वर्षं उन्हाला पुरून उरलेली पाकळी, आणि या गाढवाने ती नखाने उपटली. हिल्के भयंकर संतापली होती, आणि तरी तिचं हसू ओठांत मावत नव्हतं.

"रेमको, तू चोर आहेस, आणि वर भित्रा. तोंड उघडून विचारलं असतंस, तर मी त्या पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं. आता बस खाली, चिकटव ती पाकळी. आणि चिकटवून झालं की निघायचं नाही."