काठावर बोल, विजयसिंह!

विजयसिंह आपल्या लाँचला शिव्या घालत होता, आणि लाँच नाक वर करून त्या खुशाल ऐकून घेत होती.

दसरा नुकताच झालेला. उजनीचं पाणी काठोकाठ, पलीकडं करमाळ्याला जाणारी माणसं काठावर ताटकळलेली. इंजिन बैलासारखं डुरकत होतं, मागं पांढरा फेस उडत होता, पण लाँच काही पुढं सरकत नव्हती. पाण्याखालच्या जुन्या गावठाणाच्या भिंतीवर आदळून तिचा मागचा पाय मोडला होता. म्हणजे इंजिनाची पाण्यात उतरणारी दांडी, जिच्या टोकाला पंखा असतो, ती. नवा पाय आणि नवा पंखा मुंबईहून आला, विजयसिंहानं तो स्वतःच्या हातानं बसवला, आणि तेव्हापासून हे सोंग सुरू झालं होतं.

"बारामतीच्या वर्कशॉपातनं आलेय," काठावरून एक मुलगी म्हणाली. खांद्यावर हत्यारांची पिशवी, कपाळावर उडणाऱ्या बटा.

"मिस्त्री कुठं हाय?"

"समोर उभी आहे. दिसत नसेल तर आधी डोळे तपासा, लाँच मागनं बघू."

काठावरची माणसं खो खो हसली. विजयसिंहाचे कान लाल झाले... आणि खरं सांगायचं तर तो तिथंच गारद झाला.

तिचं नाव अंजली. डिप्लोमा झालेली, जिभेला धार असलेली. ती लाँचच्या मागच्या कडेवर पालथी पडून पाण्यात बघत राहिली.

"पाय किती वर-खाली आहे ते दाखवणारा तुमचा ट्रिमचा काटा सांगतोय की पाय खाली आहे. पण पाय वरच आहे. पंखा पाण्याच्या तोंडाशी येऊन नुसती हवा खातोय."

"म्हंजी काटा खोटं बोलतोय?"

"काट्याची चकती तुम्ही उलटी बसवलीत. त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

चकती फिरली, पाय खाली उतरला, लाँचचं नाक खाली आलं. पण वेग घेतला की मागून कर्रर्र... असा आवाज येई. तो शोधायला अंजलीला पुन्हा यावं लागलं. मग पुन्हा.

"मला तर वाटाय लागलंय, हा आवाज जाऊच नये," एकदा तो हळूच म्हणाला.

"असं? मग कान बरे करणाऱ्याकडं जा." पण बोलताना ती पाण्याकडं बघत होती, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू काही दडत नव्हतं.

शेवटी तिनं पंखाच उतरवला. "याच्या पुढं एक पितळी कडं असतं. पंखा त्याला टेकतो. ते नाही म्हणून पंखा पुढं सरकून घासतोय. कुठाय ते?"

विजयसिंहानं कपाळावर हात मारला. खंडेनवमीला सगळं नवं सामान घरी पूजेला मांडलं होतं. "आईचा कलश डगमगत हुता... तिनं ते कडं त्याच्या खाली ठिवलं. मला वाटलं, जास्तीचं असंल!"

अंजली इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दोघं त्याच्या राजदूत फटफटीवरून उसाच्या रस्त्यानं शेळगावला, त्याच्या घरी निघाली. मध्ये हत्यारांची पिशवी होती, पण खड्डे पिशवीला जुमानत नव्हते.

दारात कौसल्याबाई होत्या, विजयसिंहाची आई. "ये गं बाय. कुणाची तू?"

"सोमनाथ मास्तरांची. बौद्ध आहोत आम्ही."

कौसल्याबाईंचा चेहरा मिटला. "तू हितंच थांब. विजय आणंल आतनं."

अंजलीनं विजयसिंहाकडं पाहिलं. एक शब्द... एकच शब्द त्यानं बोलायला हवा होता. तो मान खाली घालून आत गेला आणि हळदी-कुंकू लागलेलं कडं घेऊन बाहेर आला.

परतीच्या वाटेवर तिनं पिशवी दोघांच्या मध्ये घट्ट धरून ठेवली. काम मात्र तिनं चोख केलं. कडं बसलं, पंखा बसला, आणि लाँच पाणी कापत अशी सुटली की बगळे उडाले. पाण्याच्या मधोमध विजयसिंहानं इंजिन बंद केलं.

"अंजली... मला तू आवडतीस. लगीन करीन तर तुझ्याशीच."

तिला तो हवा होता, मनापासून हवा होता, आणि म्हणूनच तिला संताप आला.

"दारात उभी होते तेव्हा ही वाचा कुठं गेली होती? इथं कोण ऐकणार, मासे? नाही. माझं उत्तर नाही असं आहे. चोरून केलेलं प्रेम मला नको. बोलायचं तर काठावर बोल, विजयसिंह, सगळ्यांसमोर!"

त्यानं तिच्याकडं बघितलं, आणि इंजिन सुरू केलं.

काठावर गर्दी होती. दुरुस्त झालेल्या लाँचपुढं नारळ फोडायला त्याचे वडील संभाजीराव जीप घेऊन आले होते. विजयसिंह दोर न बांधताच खाली उतरला.

"आबा, ही अंजली. सोमनाथ मास्तरांची. आज आपल्या दारातनं हिला आत घेतलं न्हाय, आन् मी गप बसलो. माझी चूक झाली. मी हिच्याशी लगीन करणार हाय. घरात घेणार नसाल, तर आमी बारामतीत ऱ्हाऊ."

काठावरची माणसं पुढं सरकली.

"डोकं ठिकाणावर हाय का?" संभाजीराव गरजले. "आन् तिला तरी इचारलंस का?"

सगळ्या माना अंजलीकडं वळल्या. ती लाँचच्या टोकावर सरळ उभी होती.

"यानं पाण्यात विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले. इथं विचारताय, तर होय."

संभाजीरावांनी नारळ तसाच दगडावर ठेवला आणि पाठ फिरवून ते जीपकडं चालू लागले. विजयसिंहाचा पाय एकदा त्यांच्या मागं उचलला गेला... पण तो थांबला. अंजली काठावर उतरली, तसा वळून त्यानं तिच्या खांद्यावरच्या पिशवीला हात घातला.

"पिशवी माझी मी उचलीन," ती म्हणाली. "तू हात धर."

आणि भरल्या काठावर, साऱ्यांच्या देखत, त्यानं तो धरला.