स्वहस्ते

रविवारी सकाळी दहा वाजता ‘कुंडी ते फांदी’ सुरू झालं, की महाराष्ट्रातल्या अकरा लाख घरांत अकरा लाख वेगवेगळे हात दिसू लागत. इचलकरंजीच्या रघुनाथ मगदुमांना पडद्यावर स्वतःचेच हात दिसत, करंगळीशेजारच्या वाकड्या बोटासकट. चंद्रपूरच्या नर्सबाईंना स्वतःच्या हिरव्या बांगड्या दिसत. ते हात माती कालवत, गुलाबाचं डोळा भरून कलम करत, टोमॅटोला काठी बांधत. आवाज मात्र सगळीकडे एकच असे, कोल्हापूरच्या विमलताई इंगवले यांचा.

याला ‘स्वहस्त चित्रण’ म्हणत. प्रेक्षकानं एकदाच टीव्हीसमोर दोन्ही हात धरायचे, पालथे आणि उताणे. कातडी, नखं, अंगठ्या, जुने व्रण, सगळ्याची नोंद व्हायची. मग स्टुडिओत विमलताईंनी केलेलं प्रत्येक काम त्या त्या घरात त्या त्या माणसाच्या हातांनी होताना दिसायचं. कल्पना साधी होती. दुसऱ्याचा हात बघून शिकण्यापेक्षा स्वतःचा हात बघून माणूस लवकर शिकतो.

विमलताईंना या कार्यक्रमाचा अभिमान होता आणि त्या तो लपवत नसत. का लपवावा? वडील नगरपालिकेच्या बागेत माळी होते, जन्मभर त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही. त्यांची मुलगी सव्वीस वर्षं राज्याला झाडं लावायला शिकवत होती, आणि गेल्या तीन वर्षांत, स्वहस्त आल्यापासून, तिच्या कार्यक्रमाच्या आसपास दुसरा कुठलाच कार्यक्रम उरला नव्हता.

रविवारी साडेअकराला बंगळुरूहून आरोहचा, त्यांच्या एकुलत्या एका मुलाचा, फोन ठरलेला. तो स्वतःला पहिल्या नंबरचा टीकाकार समजे.

“आई, कंपोस्टवर फार वेळ घालवलास. कडीपत्ता कधी घेणार?”

“तुझ्या गॅलरीत आहे का कडीपत्ता?”

“म्हणजे काय? चांगला कमरेएवढा आहे. मागच्याच महिन्यात छाटला.”

पोराच्या हाताला बाग लागली, या विचारानं विमलताईंचा तो सबंध रविवार छान जाई.

आरोहसारखी मतं असलेले प्रेक्षक हजारोंनी होते, आणि त्यांच्यासाठी विमलताईंचा पहिल्या वर्षापासूनचा एक नियम होता. पुढच्या वर्षी कार्यक्रमात काय असावं हे प्रेक्षकांनी पत्रानं कळवायचं, पण पत्राबरोबर स्वतः वाढवलेल्या झाडाचं चिमूटभर बी पाठवायचं. बी नसेल तर मत मोजलं जाणार नाही. ज्यानं काही लावलंय त्यानंच बोलावं, असा त्यांचा खाक्या होता. बियांच्या पुड्यांची कपाटं भरली होती, आणि पाहुणा आला की चहाच्या आधी ती कपाटं दाखवली जात.

यंदा चौदा पोती पत्रं आली. स्वहस्त आल्यापासून हे काम स्टुडिओतली मुलं उरकत, यंदा विमलताई स्वतः मांडी घालून बसल्या आणि एकेक पाकीट उघडू लागल्या. ‘ताई, सोबत माझ्या झेंडूचं बी पाठवत आहे.’ पाकिटात बी नव्हतं. ‘सोबत गावरान वांग्याचं बी.’ नव्हतं. दोनशे पत्रं झाली तेव्हा सात पुड्या जमल्या होत्या, आणि त्या सातही जणांच्या घरी टीव्ही नसल्यानं ते रेडिओवर नुसता आवाज ऐकणारे निघाले. विमलताईंनी आधी टपालखात्याला शिव्या घातल्या. मग पाकिटं उजेडात धरून पाहिली. एकही फाटलेलं नव्हतं, एकावरही बियांचा वण उठलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या सरळ इचलकरंजीला गेल्या. रघुनाथ मगदुमांनी पत्रात चाळीस टोमॅटोंचा हिशेब दिला होता.

मगदुमांना काय करू आणि काय नको असं झालं. “या ताई, या. तुमच्यामुळं हात चालायला लागले बघा माझे. रिटायर झाल्यावर नुसता बसून होतो.” त्यांनी छाती पुढं काढून गच्चीचं दार उघडलं.

गच्चीवर अकरा कुंड्या होत्या. चार रिकाम्या, सातांत भेगाळलेली माती. एका काठीला सुतळी बांधलेली होती, तिच्यात काहीच नव्हतं.

मगदूम क्षणभर गोंधळले. “परवाच पानी घातलं की ह्यांना,” ते म्हणाले. “ऊन लई पडलं असंल.” मग त्यांनी त्याच काठीशी उभं राहून टोमॅटोला आळं कसं केलं, ते हातांनी करून दाखवलं. एकही चूक नव्हती. स्वतः विमलताईंना त्याहून सफाईनं जमलं नसतं.

परतल्यावर त्यांनी डॉ. अस्मिता वालावलकरला बोलावलं. मेंदूच्या स्मरणव्यवस्थेवर काम करणारी ही बाई स्वहस्तची जन्मदात्री, वयानं विमलताईंच्या निम्मी.

“ताई, मेंदूला ही जुनीच खोड आहे,” अस्मिता म्हणाली. “दुसरा माणूस एखादं छोटं काम करताना चार वेळा बघितलं, तर पंधरा दिवसांनी काही जणांना ते आपणच केल्यासारखं आठवतं. याला आम्ही कृतिभास म्हणतो. केलेलं आणि बघितलेलं, मेंदू शेजारी शेजारी ठेवतो आणि मग त्याची गल्लत होते.”

“आणि बघितलेले हात स्वतःचेच असले तर?”

“मग वेगळं ओळखायला काही खूणच उरत नाही. दर शंभरांत नव्व्याण्णव जणांचं असंच होतं. आमच्याकडे आकडे मागच्या वर्षी आले.”

“म्हणजे ही माणसं खोटं बोलत नाहीत.”

“अजिबात नाहीत. झाड लावल्याचं समाधान त्यांना खरंच मिळतं. एकदा लावून झालेलं झाड माणूस पुन्हा कशाला लावेल?”

“आणि हे तू मला आज सांगतेस?”

“सांगणार होते,” अस्मिता खाली बघत म्हणाली. “पण ताई, लोक इतके खूश होते. तुम्हीसुद्धा.”

विमलताईंनी तिला झापलं, चांगलं अर्धा तास झापलं. पुढच्या आठवड्यात प्रेक्षक मेळावा होता. तिथं उभं राहून सगळं सांगायचं आणि स्वहस्त बंद करायचं, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. भाषण लिहूनही काढलं.

मेळाव्याला कोल्हापुरातलं मोठं सभागृह गच्च भरलं होतं. विमलताई व्यासपीठावर आल्या आणि तीन हजार माणसं उठून उभी राहिली. आपापले हात वर करून, पंजे दाखवत. कुणीतरी ठरवलं असावं, पण ते पाहताना विमलताईंचा ऊर भरून आला. एक बाई म्हणाली, ताई, नवरा गेल्यावर मला ह्या बागेनं जगवलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, माझ्या हातानं लावलेला आंबा आता नातू खातो. हॉलमध्ये सगळीकडे तसेच चेहरे, ताठ आणि समाधानी. आपले वडील इथं असायला हवे होते, असं त्यांना वाटलं. भाषणाचा कागद पर्समध्येच राहिला.

खोटं बोलायचं नाही, फक्त आज बोलायचं नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ती फार लवकर पटली.

मग मतं वाचली गेली. बी नसलेलं मत मोजायचं नाही, या नियमाचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही, विमलताईंनीही नाही. एक सूचना बाकी सगळ्यांना मागे टाकून पुढं आली होती, आणि ती त्यांनी स्वतः माइकवर वाचली. ‘झाडं आम्हाला जमली. आता असंच स्वतःच्या हातांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांचं करायला शिकवा.’ टाळ्या थांबेनात. व्यासपीठाच्या कडेला अस्मिता उभी होती, तिनं विमलताईंकडे पाहिलं. विमलताईंनीही टाळ्या वाजवल्या.

जूनमध्ये ‘हातोहात सेवा’ हा नवा कार्यक्रम सुरू झाला. शनिवारी सकाळी. डोळ्यांत औषध घालणं, पाय चेपणं, वेणी घालणं, सगळं मायेनं दाखवलेलं. पहिल्याच महिन्यात तो ‘कुंडी ते फांदी’च्या पुढं गेला. लोक लिहीत होते, की आईवडिलांचं एवढं आम्ही कधीच केलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये विमलताईंचा खांदा आखडला. उजवा हात छातीच्या वर जाईना. चित्रीकरण बंद पडलं, आधी करून ठेवलेले भाग दाखवले जाऊ लागले, केस विंचरणं शेजारणीवर आलं. त्यांनी आरोहला दोनदा कळवलं, येऊन जा म्हणून. तो बघतो म्हणाला. मग रविवारचे फोन येईनासे झाले. एक रविवार, दोन रविवार, चार. पाचव्या रविवारी साडेअकरा वाजता त्यांनीच डाव्या हातानं फोन लावला.

“अगं आई, बोल की,” आरोहचा आवाज मोकळा आणि आनंदी होता. “खांदा कसा आहे?”

“तसाच आहे. तुझा फोन नाही, काही नाही.”

“फोन कशाला? परवाच तर होतो ना तुझ्याकडे.”

विमलताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

“खरं सांगू? मला वाटलं नव्हतं मला जमेल,” तो सांगू लागला. “तुझी नखं कापताना आधी भीतीच वाटली. अंगठ्याचं किती कठीण झालंय. कोमट पाण्यात बोटं बुडवली, मग जमलं. तू डोळे मिटून बसली होतीस. इतक्या वर्षांत मी तुझा हात असा हातात घेतला नव्हता, आई. घरी परतताना इतकं बरं वाटत होतं, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी.”

त्याचा आवाज भरून आला होता. मेळाव्यातली तीन हजार माणसं ज्या सुरात बोलली होती, त्याच सुरात तो बोलत होता, आणि या वेळी तो सूर त्यांच्या पोटच्या पोराचा होता. तू आला नाहीस, हे तीनच शब्द होते. ते म्हटले तर त्याच्याकडून काय काय जाईल, ते विमलताईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. त्यांच्या बोटांची नखं वाढून वळली होती.

“छान कापलीस रे,” त्या म्हणाल्या. “जराही दुखलं नाही.”

“बघ, सांगत नव्हतो?” आरोह हसला. “येत्या शनिवारी न्हाऊ कसं घालायचं ते दाखवणार आहेत. तेवढं बघितलं, की आलोच मी.”