आर्लिसचं भांडं

मर्लला ट्रॅक्टर चालवता येत होता, धान्याचा ट्रक चालवता येत होता, शाळेची बस तर त्याने उभा जन्म हाकली होती. पण घरगाडी मागे घ्यायची म्हटलं की त्याला लाव्हॉन लागायची. ती खाली उतरून गाडीच्या मागे, त्याच्या आरशात दिसेल अशी उभी राहायची आणि दोन्ही हातांनी खुणा करायची. ये, ये, जरा डावीकडे, बस. गाडी जागेवर बसली की मर्ल स्टिअरिंगवरून हात न काढता दोन बोटं उचलायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोचे आभार तोंडाने किती वेळा मानले असतील देव जाणे, पण ती दोन बोटं कधी चुकली नाहीत. लाव्हॉनला तेवढं पुरत असे.

निवृत्तीचा पैसा आला तशी त्यांनी ही घरगाडी घेतली. मागे पलंग, मध्ये शेगडी. सप्टेंबरात, सूर्यफुलांनी माना टाकल्यावर, दोघं साउथ डकोटातून उत्तरेला निघाले. वाटेत जुनी माणसं भेटायची, त्यांच्याच अंगणात गाडी लावून झोपायचं, सकाळी पुढे. मर्लच्या मनात एवढाच बेत होता. लाव्हॉन मात्र एका भांड्यासाठी निघाली होती.

भांडं काचेचं, ओव्हनमध्ये ठेवायचं. बुडाला कागदी चिकटपट्टी आणि तिच्यावर निळ्या शाईत नाव: आर्लिस. आमच्याकडे चर्चच्या जेवणाला भांडं न्यायचं तर बुडाला नाव चिकटवल्याशिवाय कोणी नेत नाही. आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा नियम बायबलात नसला तरी बायबलाइतकाच पक्का. आईच्या दफनानंतरच्या जेवणात लाव्हॉन आणि आर्लिस, दोघी बहिणींचं आईच्या शिवणयंत्रावरून वाजलं, आणि आर्लिसचं भांडं लाव्हॉनकडेच राहिलं. ना हिने दिलं, ना तिने मागितलं. अकरा वर्षं गेली. आता आर्लिसच्या पोटात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. चुलतबहीण जॅनिसकडून तिने निरोप धाडला, "व्हॉनीला म्हणावं, माझं भांडं आणून दे."

"म्हणजे ये म्हणतेय," मर्ल म्हणाला.

"कळतं रे मला," असं म्हणून लाव्हॉनने डोळे पुसले आणि रूबार्बच्या देठांच्या आंबटगोड वड्या करायला घेतल्या. लहानपणी आर्लिस त्या वड्यांसाठी जीव टाकायची.

पहिला मुक्काम ऑरिनकडे होता. तो मर्लच्या बरोबरीने बस चालवायचा. बायको गेल्यापासून एकटाच असे. त्याने दार उघडलं आणि दोघांकडे बघतच राहिला.

"काय रे, काय विसरलात?"

"विसरतोय कसला? आत्ता येतोय आम्ही."

"हो का? मग सकाळी माझी सहा अंडी हाणून गेला तो काय तुझा बाप होता?" ऑरिन आपल्याच विनोदावर हसला. मग त्याचं हसू ओसरलं. "लाव्हॉन, अगं भांडीसुद्धा घासून गेलीस की तू."

रात्री पांघरूण ओढून घेताना मर्ल म्हणाला, "म्हातारा चळलाय." लाव्हॉनने नुसतं हं केलं. ऑरिनच्या अंगणातल्या गवतावर आधीच चाकांचे दोन पट्टे उमटलेले होते आणि मर्लची चाकं बरोबर त्यांवरच बसली होती, हे तिने बघितलं होतं. शिवाय स्वयंपाकघरातलं फडकं तीन घड्या घालून ओव्हनच्या दांडीवर टाकलेलं होतं. ती तिच्या आईची पद्धत. ऑरिन फडकं खुर्चीवर भिरकावणारा माणूस.

जॅनिसचं डोकं मात्र सुरीसारखं होतं. ती रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि कुठल्या बाईने कुठल्या साली कोणता कोट घातला होता ते सांगायची. दुसऱ्या दिवशी यांच्या गाडीचा आवाज ऐकून ती बाहेर पायरीवर आली आणि आपल्यामागे दार ओढून घेतलं.

"काल येऊन गेलात तुम्ही," ती म्हणाली.

"जॅनिस, चेष्टा पुरे," मर्ल म्हणाला.

"मी कधी चेष्टा करते का? काल इथे बसून व्हॉनी घळाघळा रडली. मग आर्लिसकडे जातो म्हणून निघालात. भांडं मांडीवर होतं हिच्या." तिची नजर लाव्हॉनच्या हातातल्या भांड्याकडे गेली आणि ती एक पायरी मागे चढली. "मग हे काय आहे?"

तिने कॉफी विचारली नाही. आमच्याकडे दारात आलेल्या वसुलीवाल्यालासुद्धा कॉफी विचारतात. लाव्हॉन गाडीत येऊन बसली. तिने आर्लिसला फोन लावला, तो वाजत राहिला.

"मर्ल, हाण गाडी."

"अगं, कोणीतरी भामटे असतील. आपल्यासारखे दिसणारे..."

"ती वाट बघतेय माझी. माझी! तू हाण."

आर्लिसचं घर नॉर्थ डकोटात, एका तळ्याच्या मधोमध म्हणावं असं. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत मातीचा अरुंद बांध, दोन्ही बाजूंना पाणी आणि लव्हाळी. अंगण पावसाने चिखल झालेलं, त्यामुळे गाडी वळवायची सोय नव्हती. जायचं सरळ आणि यायचं उलटं. बांधावर चाकांचे ताजे ठसे होते, जायचे. यायचे नव्हते. पण अंगणात दुसरी गाडी कुठे दिसेना.

दुपार कलत होती. पाणी अगदी स्वच्छ, स्थिर होतं. एकही बदक हलत नव्हतं.

लाव्हॉन भांडं घेऊन उतरली. जाळीच्या दाराआड आर्लिस उभी होती. वाळून काडी झालेली, चेहरा पिवळा. पण त्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की लाव्हॉनला वाटलं, वेळेवर पोचले.

"आर्लिस, मी आले गं."

"हळू बोला हं," आर्लिस म्हणाली. दाराची कडी तिने काढली नाही. "बहीण आलीय माझी. आत कॉफी करतेय."

"अगं, मीच व्हॉनी."

"कोण हवंय तुम्हाला?"

तुम्हाला. अकरा वर्षांच्या भांडणात आर्लिसने तिला हलकट म्हटलं होतं, चोर म्हटलं होतं. परकं कधी केलं नव्हतं.

"तुझं भांडं आणलंय."

"ते मिळालं मला." आर्लिस किंचित बाजूला सरकली. मागे टेबलावर काचेचं भांडं होतं. त्यातली कोपऱ्यातली एक वडी खाल्लेली. लहानपणी कोपऱ्यातली वडी नेहमी आर्लिसची. "बाई, माझ्याकडे आता फार वेळ नाही. इतक्या वर्षांनी आलीय ती. मला तिच्याजवळ बसू द्या. जा तुम्ही."

आतून चमचा कपाच्या काठावर वाजला. तीनदा. लाव्हॉन तसाच वाजवते.

ओरडावं, जाळी फाडून आत शिरावं, असं तिला वाटलं. पण बहिणीच्या चेहऱ्यावरचं ते समाधान तिला मोडवेना. आतला चमचा थांबला. थोड्या वेळाने घराचं मागचं दार आपटलं.

लाव्हॉन गाडीत येऊन बसली.

"काय झालं?" मर्लने विचारलं.

"चल इथून."

तिने मांडीवरचं भांडं उलटं केलं. वड्या पायांवर सांडल्या. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी नव्हती. नुसता पट्टीच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन होता.

ती रडत राहिली. गाडी मागे जात राहिली. बांधावरून, दोन्ही बाजूंच्या पाण्यामधून, संथ, सरळ, एकदाही न अडखळता.

खुणा करायला आपण उतरलोच नाही, हे तिला अर्ध्या वाटेवर कळलं.

तिने मर्लकडे बघितलं. मर्ल तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर त्याच्या बाजूच्या आरशात होती आणि ओठ हळूहळू हलत होते. ये, ये, जरा डावीकडे.

चाकं डांबरी रस्त्याला लागली. मर्लने गाडी थांबवली आणि आरशात बघत, स्टिअरिंगवरून हात न काढता, दोन बोटं उचलली.