चाव्याचा नकाशा

मोठ्या बाईंच्या ऑफिसात मोठ्यांची खुर्ची एकच, आणि तिच्यावर मोठ्या बाई बसत. पालकांना मुलांच्या खुर्च्या. त्यात बसलं की गुडघे कानांशी येतात आणि कितीही शिकलेला माणूस गुन्हेगार दिसू लागतो. त्यामुळे ती दोघं प्रथम भेटली ती आपापल्या गुडघ्यांच्या आडून. प्रेमाला याहून बरी सुरुवात मिळू शकली असती... पण पाळणाघरात जे मिळेल ते घ्यावं लागतं.

ती दातांची डॉक्टर. शेजारी तिचा साडेतीन वर्षांचा ढब्बू, आरोपी. तो सरकारी कचेरीत नकाशे काढणारा. मांडीवर त्याची भाची टाचणी, फिर्यादी. टाचणीचे आईवडील जहाजावर नोकरीला, म्हणून सहा महिने ती मामाकडे होती. तिचं ऐकून सगळं पाळणाघर त्याला मामाच म्हणे.

टाचणीच्या मनगटावर दातांचं एक गोल रिंगण उमटलं होतं. ढब्बूच्या नावावर आधीचे दोन चावे होते. एक कुणाच्या तरी कानाचा, दुसरा खुद्द मोठ्या बाईंच्या बाहीचा. तिसरा चावा झाला की नाव कमी, असा नियम.

नाव कमी झालं की तिचा दवाखाना बंद. ढब्बूचे वडील दुसऱ्या गावी दुसऱ्या संसारात रमले होते. मुलाला दवाखान्यात नेण्याचा प्रयोग एकदाच झाला. आत किती रक्त येतं ते ढब्बूने बाहेर बसलेल्या पेशंटांना दोन्ही हात पसरून दाखवलं, आणि तासाभरात बाक रिकामे झाले.

"मामा, तक्रारीवर सही करा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"एक मिनिट." तिने पर्समधून टॉर्च काढली, टाचणीचं मनगट पाहिलं. "हे दात ढब्बूचे नाहीत."

"आई म्हणून सांगताय की डॉक्टर म्हणून?" त्याने विचारलं.

"आई म्हणून मी आल्या आल्या माफी मागितली असती. ढब्बूच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. इथे फट दाखवा."

"मी नाही चावलो," ढब्बू म्हणाला. "आज नाही."

टाचणीच्या मामाने खिशातून ट्रेसिंग पेपरचा तुकडा काढला, तिच्या मनगटावर ठेवून खूण हलक्या हाताने गिरवली. कोपऱ्यात तारीख घातली, खाली प्रमाण लिहिलं : एकास एक.

"खिशात ट्रेसिंग पेपर घेऊन फिरता?"

"तुम्ही टॉर्च घेऊन फिरताच की."

ती हसली नाही. पण टॉर्च बंद करायची राहून गेली.

"सहीचं काय?" मोठ्या बाई.

"विचार करून सांगतो."

"शुक्रवारपर्यंत."

तो विचार मग रोज संध्याकाळी फाटकाशी चालू लागला. ढब्बूला बूट घालायला वीस मिनिटं लागत, कारण आधी उलटे घालून पाहायचे असत. टाचणी घसरगुंडीच्या प्रत्येक पायरीचा वेगळा निरोप घेई. पायऱ्या अकरा. एवढा वेळ मोठ्यांनी काहीतरी बोलायलाच हवं.

"झाला विचार?"

"अर्धा झालाय."

"उरलेला?"

"उद्या... तुम्ही किती वाजता येता त्यावर आहे."

बुधवारी त्याच्या केसांत टाचणीच्या दोन गुलाबी क्लिपा होत्या.

"असेच कचेरीत बसला होतात दिवसभर?"

त्याने केस चाचपले. "तरीच साहेब आज इतके सौम्य बोलले."

"एक राहू द्या," ती म्हणाली. "डावीकडची शोभतेय."

गुरुवारी मात्र तिला धीर निघेना. तिने चिकणमातीच्या दोन चपट्या वड्या थापल्या आणि ढब्बूला एक चावायला लावली. पुढे ठसठशीत फट. मामाने खिशातून चाव्याचा नकाशा काढेपर्यंत, "मला पण!" म्हणत टाचणीने दुसरी वडी चावून टाकली.

त्याने ट्रेसिंग पेपर सहज त्या वडीवर धरला. त्याच्या उभ्या नोकरीत दोन नकाशे इतके जुळले नव्हते.

"टाचणे, स्वतःलाच चावलीस?"

"हो."

"का गं?"

"कुणाला लागलं की बाई फोन करतात. फोन केला की तू लवकर येतोस."

तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला. चष्मा स्वच्छच होता. तिला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. तिने ढब्बूच्या हातावर ठेवला. तो मातीने बरबटलेला होता.

मग तो आपणहून ऑफिसात गेला आणि सगळं सांगून आला. खोट्या तक्रारीला आठवडाभर घरी, असाही एक नियम निघाला.

"रजा टाकतो," तो बाहेर येऊन म्हणाला. "तिला तेच हवं होतं."

"आणि तुमचा तो विचार?"

"आता लागणार नाही ना..."

"नाही," ती म्हणाली. ढब्बूचं नाव वाचलं होतं. आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही.

पुढच्या आठवड्यात ढब्बूचे बूट चार मिनिटांत चढू लागले. ती वेळेवर घरी पोचत होती आणि हे फार वाईट चाललंय असं तिला वाटत होतं. एके दिवशी मात्र एका पेशंटची अक्कलदाढ हटून बसली आणि तिला उशीर झाला.

"मुलाला न्यायला दुसरं कुणी हवं," सोमवारी मोठ्या बाईंनी फॉर्म पुढे केला. "आजपासून सक्तीचं. नाव सांगा."

"दुसरं कुणी नाही हो."

"माझं लिहा," दारातून आवाज आला. टाचणीचं बोट धरून तो उभा होता. आठवडाभर भाची सांभाळल्याने वाळला होता.

बाई मोठ्याने वाचत लिहू लागल्या. पत्ता... फोन... "नातं, मामा."

"ते खोडा," ती म्हणाली.

"का? सगळे मामाच म्हणतात."

"सगळ्यांना म्हणू दे. ढब्बूचे मामा झाले, तर माझे कोण होतील?"

बाईंचं पेन थांबलं. गेले कित्येक दिवस हिने याला एकदाही मामा म्हटलं नव्हतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. शहराचं क्षेत्रफळ काढणाऱ्या माणसाला हा हिशेब जरा जड गेला. आधी त्याचे कान लाल झाले, मग समजलं.

"मग काय लिहू?" बाई म्हणाल्या. "रकाना रिकामा चालत नाही."

"पेन्सिल आहे?" त्याने विचारलं. "हद्द पक्की होईपर्यंत आम्ही पेन्सिलनेच आखतो... पुसता येतं."

"पेननेच लिहा," ती म्हणाली. "पुसायचंय कुणाला?"