लाल वाक्य

मिरजेजवळच्या चेताविज्ञान प्रयोगशाळेत पडद्यावरचं वाक्य लाल झालं, तेव्हा उपचारांबाबत निर्णय द्यायला आलेली समिती पुढे वाकून बघत होती. वाक्य एवढंच होतं: ‘माझे उपचार चालु ठेवावेत.’

त्याच्याखाली दुसरं वाक्य आलं: ‘माझे उपचार बंद करावेत.’ खुर्चीत बसलेल्या मालिनीबाई पाळंदे यांची बोटं कळफलकावर जराशी रेंगाळली आणि मग तीन कळांवर एकदम पडली. वाक्य हिरवं झालं.

डॉ. केतकी पाळंदे ही त्यांची मुलगी, आणि हा सगळा प्रयोगही तिच्याच डोक्यातून निघालेला. दोन्ही वाक्यं तिनंच टंकली होती. समितीची माणसं समोर होती, म्हणून तिनं दोन्ही निकाल वहीत नोंदवले.

“मला एक कळत नाही,” समितीवरच्या वकीलबाई म्हणाल्या. “यांना बोलता येत नाही, स्वतःच्या मुलीला ओळखता येत नाही. मग यांचा निकाल आम्ही खरा कसा मानायचा?”

उत्तर डॉ. हुपरीकरांनी दिलं. ते विभागप्रमुख, आणि केतकीचे गुरू. “सायकल चालवायला तुम्ही कधी विसरलात का? नावं, माणसं, शब्द मेंदूच्या एका भागात राहतात. तो भाग बाईंचा गेला. सवयी दुसरीकडे, खूप खोल असतात. बोटांच्या अशा सवयीला आम्ही बोटस्मृती म्हणतो. बाईंनी सारा जन्म कोशमंडळाच्या कचेरीत मजकूर तपासण्यात घालवला. त्यासाठी संगणकावर स्वतःच मॅक्रो बांधले, म्हणजे आज्ञामाला. कंट्रोल, शिफ्ट आणि ‘ल’ दाबलं की अख्खं वाक्य लाल. म्हणजे यात खोट आहे. ‘ल’च्या जागी ‘ह’ दाबलं की हिरवं, छापायला हरकत नाही. डोळ्यांनी वाचलं की बोटं आपोआप निकाल देतात.”

“आणि तो चुकत नाही?”

“त्यांच्या कोशातली वाक्यं देऊन पाहिलं. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते: हिरवं. त्यातच फेरफार करून लिहिलं, कृष्णा अरबी समुद्राला मिळते. लगेच लाल. हात थरथरतात, बोटं बाणांच्या कळांवर उगाच टकटक करतात, पण ती थरथर आमची कंपगाळणी काढून टाकते. रंग तेवढा उरतो.”

वकीलबाईंनी मान हलवली. त्यांचं समाधान झालं होतं.

मालिनीबाईंचं श्वासाचं केंद्र चेतापोषणावर, म्हणजे मेंदूच्या पेशी जगवणाऱ्या द्रव्यावर तगून होतं. मणक्यातून ते द्रव्य आत सोडलं की बाई कळवळायच्या, मुठी आवळायच्या. केतकीला ते बघवत नसे. आईला आपण तिच्यासाठी जगवतोय की स्वतःसाठी, हा प्रश्न तिला जेवताना, गाडी चालवताना, केस विंचरताना छळायचा. पोषण एकदा थांबवलं की पेशी सुकतात आणि परत ते घेत नाहीत, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर आईलाच विचारायचं तिनं ठरवलं.

आता आईनं सांगितलं होतं. पोषण थांबवण्याच्या कागदावर केतकीनं सही केली. नातेवाइकांना ती फोनवर म्हणत राहिली, “मी नाही ठरवलं हो. तिनंच ठरवलं.” हे म्हणताना तिला रडू यायचं आणि थोडं हलकंही वाटायचं.

आठवडा सरला. मालिनीबाईंचा श्वास उथळ झाला. त्या दुपारी केतकीनं त्यांना उशांना टेकवून बसवलं आणि त्यांचा जुना लॅपटॉप मांडीवर ठेवला. प्रयोग संपला होता, त्यामुळे गाळणी नव्हती, समिती नव्हती. प्रयोगाचंच पान उघडलं गेलं. त्या दोन वाक्यांखाली केतकीनं टंकलं: ‘आई, मला तुझी खुप आठवण येईल.’

आईची बोटं बाणाच्या कळेवर टकटक करू लागली. मजकुरातली लुकलुकती रेघ एकेक अक्षर मागे चालत गेली आणि थांबली. मग तीन कळा. वाक्य लाल झालं.

“एवढंसुद्धा नको का गं तुला?” केतकी म्हणाली.

रेघ लुकलुकत होती. ‘खु’च्या शेजारी.

केतकीनं डोळे पुसून पुन्हा पाहिलं. शाळेतल्या तिच्या मराठीच्या वह्या आई बघायची आणि कपाळाला हात लावायची. “केतके, तुझे उकार सगळे उपाशी गं! ‘खूप’ म्हणताना तोंड भरून म्हणतेस, मग लिहिताना कंजुषी कसली?”

तिनं उकार दीर्घ केला. बोटं या वेळी बाणांकडे गेलीच नाहीत. वाक्य हिरवं झालं.

केतकीला हसू फुटलं. आई आत कुठेतरी होती, आणि अजून शुद्धलेखन तपासत होती! हसता हसता तिची नजर वरच्या वाक्यावर गेली आणि हसू तिथंच विरलं.

‘चालु.’

कोशातली वाक्यं छापून आलेली, शुद्ध. त्यांत खोट असलीच तर ती माहितीचीच. ही दोन वाक्यं मात्र तिच्या हातची होती. तिनं ‘चालू’ केलं आणि आईचा हात कळफलकावर ठेवला.

वाक्य हिरवं झालं. खालचं तर आधीपासून हिरवंच होतं.

तिच्या हाकेसरशी हुपरीकर धावत आले. “सर, पोषण परत सुरू करा.”

“केतकी, आता पेशी घेणार नाहीत. तुला मी काय सांगू?”

“दोन्ही हिरवी आहेत, सर.”

त्यांनी वाचलं. काय झालं ते केतकीनं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “ती टकटक,” ते हळू आवाजात म्हणाले. “लाल होण्याआधीच व्हायची. हिरव्याआधी कधीच नाही. आणि आपण ती गाळत बसलो.”

“म्हणजे तिला जगायचं होतं?”

“तेही म्हणता येत नाही गं. नदी कुठे मिळते हे बोटांना माहीत होतं, उकार कुठला हेही माहीत होतं. बाईंना काय हवंय, हे बोटांनी कधी तपासलंच नव्हतं. आपण बोटांना भलताच प्रश्न विचारला.”

ते गेल्यावर केतकी बराच वेळ आईचा हात धरून बसली. आईनं काहीच सांगितलेलं नव्हतं, आणि आता ती कधी सांगणारही नव्हती. सही तेवढी केतकीची होती.

मग तिनं शेवटचं वाक्य टंकलं. ‘चुकले’मधला उकार ऱ्हस्वच असतो ना, हे दोनदा ताडून पाहिलं.

‘आई, मी चुकले.’

आईनं वाचलं. बोटं बाणांकडे वळली नाहीत. ती सावकाश तीन कळांवर टेकली आणि वाक्य हिरवं झालं. त्यात कसलीही खोट नव्हती.