पांढरं कपाळ

"मोकळ्या कपाळाने उन्हात बसू नये गं, सुरे." साताऱ्याच्या माजघरातून आलेला तो आवाज कुणाचा, ते सुरेखाला पुढे कधी नीट आठवलं नाही. आईचा नव्हता, एवढं नक्की.

चंडीगडला आल्यावर ते सगळं मागे राहिलं. नवऱ्याची, दिगंबरची, केंद्र सरकारची नोकरी, सेक्टरातलं क्वार्टर, आणि तिला मुलींच्या कॉलेजात पोशाखांचा इतिहास शिकवायचं काम. सत्त्याण्णव साल. मुली तासाला येण्याआधी पार्लरला जाऊन येत.

त्या दिवशी तिने पडद्यावर पाचशे वर्षांपूर्वीची इटलीतली एक खानदानी बाई दाखवली. उंच कपाळ म्हणजे रूप, म्हणून या बायका पुढचे केस मुळापासून उपटत आणि वर पांढरा लेप चढवत, असं सांगितलं.

"थ्रेडिंगवाली की तो उँगलियाँ घिस जाती होंगी," कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

हरलीनने हात वर केला. "मॅम, आपके महाराष्ट्र में भी औरतों के बाल निकालते थे क्या?"

सुरेखाच्या मनात त्या गोऱ्या माथ्याचं आपसूक मराठी झालं. पांढरं कपाळ. त्यामागोमाग वडिलांची सोवळी आत्या डोळ्यांपुढे आली. न कळत्या वयात नवरा गेलेली, न्हाव्यापुढे बसवली जाणारी, लाल आलवणाचा पदर भुवयांपर्यंत ओढलेली. तिला नावाने कुणी हाक मारत नसे.

"नहीं," सुरेखा म्हणाली. "हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं था."

तिचे कान तापले. तास संपेपर्यंत तिला मुलींकडे बघवलं नाही.

मग तिचे केस मागे सरकू लागले. आधी भांग रुंदावला, मग कपाळाची कड वर चढली. फणीत केस नव्हते, उशीवर नव्हते, मोरीच्या जाळीतही नव्हते. त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. "उपटल्यासारखे दिसतात. तुम्ही स्वतः तर..." त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोडं ऊन घ्या, म्हणाले.

ती घरातही स्कार्फ बांधू लागली.

"अगं, टिकली तरी लाव," दिगंबर म्हणाला. "कपाळ नुसतं मैदान दिसतंय."

ती लावायची. टिकली घसरून चहात पडायची.

दुपारी धुकं विरलं की ती गच्चीवर स्कार्फ सोडून बसे. जरा वेळाने मागून केसांत बोटं फिरत. हलकी, कोरडी, घाई नसलेली. वारा असेल, ती मनाशी म्हणे. पण दोरीवरचे कपडे हलत नसत.

वळून बघायचं धाडस तिला झालं नाही. त्या बोटांना काय तोंड दाखवायचं?

जाई, तिची कॉलेजात जाणारी लेक, हल्ली गच्चीवर येत नव्हती. जेवणाचं ताट दारातच ठेवून खाली जायची. त्या दुपारी सुरेखाने तिला थांबवलं.

"तुलाही माझी लाज वाटते का गं?"

"नहीं, मम्मा."

"मग जवळ का येत नाहीस?"

जाईने ताट खाली ठेवलं. आईच्या खांद्यामागे पाहिलं, नजर खाली वळवली.

"आप दोनों बैठी होती हैं, इसलिए."

"दोघी?"

"वो लाल साडीवाली आजी. पहले दिन उनके सर पे एक भी बाल नहीं था." जाईचा आवाज बारीक झाला, आणि पुढचं ती मराठीत बोलली. "आज मला म्हणाल्या, वेणी घालून दे गं."